स्टॅबिलायझेशन नसलेली झूम लेन्स आणि हललेले फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा लागला की तापीवरच्या हतनूर धरणाच्या काठावर नवे कॅमेरे दिसू लागतात. बऱ्याच जणांच्या हातात बॉडीबरोबर डबल किटमध्ये (दोन लेन्सच्या संचात) आलेली ७५-३०० मिलिमीटरची किंवा जुनी घेतलेली ७०-३०० ची लेन्स असते, स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचं हलणं भरून काढणारी सोय, नसलेली. सकाळ संपल्यावर चहा घेताना कार्ड बघायला सुरुवात होते आणि कुणीतरी म्हणतंच, "भो, फोटू हाली गया." पाठोपाठ प्रश्न येतो, आता लेन्स बदलायची का? या गप्पांत पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगतो. बहुतेक वेळा लेन्सचा दोष नसतो. शटर स्पीड (शटर किती कमी वेळ उघडं राहतं तो) कमी पडलेला असतो, आणि तो कमी पडतो कारण आपण आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढवायला घाबरतो.

फोटो हलला की फोकस चुकला, हे कसं ओळखायचं?

फोटो पूर्ण मोठा करून बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळेच फोटो चांगले दिसतात. समजा तारेवर खंड्या बसला आहे. उन्हामुळे त्याच्या डोळ्यात एक पांढरा ठिपका चमकतो. त्या ठिपक्यावर जा. तो स्वल्पविरामासारखा ओढला गेला असेल आणि चोचीची कड, छातीवरची पिसं, नखं हे सगळं त्याच दिशेला पुसल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हलला. ठिपका गोलच राहिला पण फुगून मोठा झाला, आणि मागची फांदी किंवा पुढचं गवत मात्र धारदार आलं, तर फोकस चुकला. शरीर स्वच्छ आणि फक्त पंख किंवा मान पुसट असेल, तर पक्षी हलला.

एक सावधगिरी बाळगा. तार आडवी असते. कॅमेरा आडवाच हलला असेल तर तारेच्या कडा स्वच्छ दिसतात आणि आपण फसतो. म्हणून तारेवरून निकाल देऊ नका, डोळ्यातला ठिपकाच बघा.

हे ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. फोकस चुकत असताना शटर स्पीड कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही.

माझा हात अगदी स्थिर होता, तरी फोटो हलला. असं कसं?

कारण इथे लागणारी स्थिरता आपल्याला हाताला जाणवतच नाही. थोडा हिशोब मांडू. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर (३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा लहान सेन्सरवर), ३०० मिलिमीटरला, ३० मीटरवर बसलेल्या पक्ष्याच्या अंगावर एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.३७ मिलिमीटर. शटर उघडं असताना तुमचा नेम त्या पक्ष्यावर ७ मिलिमीटर सरकला, तर फोटोत जवळपास वीस पिक्सेलची रेघ ओढली गेली. आता नेम तेवढा सरकायला लेन्सचं टोक किती हलावं लागतं? बॉडीपासून टोकापर्यंत २० सेंटीमीटर धरले, तर सुमारे ०.०५ मिलिमीटर. वहीच्या कागदाच्या जाडीच्या साधारण निम्मं.

एवढं तर नाडीच्या ठोक्याने हलतं, श्वासाने हलतं, आणि सगळ्यात जास्त शटरचं बटण दाबताना हलतं. डबल किटमधल्या १८-५५ वर हेच हात चालून जातात, कारण ५५ च्या तुलनेत ३०० वर तीच हालचाल साडेपाच पट मोठी दिसते. तेव्हा तुमचे हात वाईट आहेत असं मनात घेऊ नका.

मग शटर स्पीड किती ठेवू?

जुना नियम असा : एक सेकंद भागिले लेन्स जेवढ्या मिलिमीटरवर आहे तो आकडा. ३०० ला १/३००. हा नियम फिल्मच्या काळातला, ३५ मिलिमीटर फिल्मसाठीचा. क्रॉप सेन्सर असेल तर कॅनॉनला १.६ ने आणि निकॉन, सोनीला १.५ ने गुणायचं. म्हणजे कॅनॉनवर ३०० चे झाले ४८०, जवळचा स्पीड १/५००. लेन्स ७५ वर असेल तर १/१२५.

हा झाला नियमाचा हिशोब. माझा सल्ला वेगळा आहे : ३०० वर हातात धरून सुरुवात १/१००० ने करा. नियम बनला तेव्हा फोटो छोट्या प्रिंटवर बघत असत. आता आपण २४ मेगापिक्सेलचा फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करून पक्ष्याचा डोळा बघतो, तिथे १/५०० काठावर पास होतो. हात बसला की हळूहळू १/६४०, १/५०० वर या. उडता पक्षी असेल तर १/१६०० किंवा १/२००० लागेल, पण तो पक्ष्याच्या वेगासाठी.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी आयएसओ १०० सोडायला तयार नव्हतो. पहाटेच्या उजेडात चक्रवाकांची जोडी जवळ आली, नारिंगी रंग पाण्यात उतरलेला, आणि मी १/१२५ वर फोटो काढत राहिलो. घरी येऊन पाहिलं तर एकही ठेवण्यासारखा नव्हता. त्या सकाळची आठवण अजून जात नाही, म्हणून हे इतक्या कळकळीने सांगतो.

आयएसओ वाढवला की दाणे येतात. ते कसे चालतील?

चालतील. दाणेदार फोटोतले दाणे सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येतात, छोट्या प्रिंटवर तर दिसतही नाहीत. ओढली गेलेली पिसं मात्र परत येत नाहीत. आजच्या साध्या एंट्री लेव्हल बॉडीवरसुद्धा १६०० निर्धास्त वापरा, वेळ पडली तर ३२००. कमी आयएसओवर काळा फोटो काढून नंतर उजळला, तर बऱ्याच कॅमेऱ्यांवर दाणे उलट जास्त उठून दिसतात. म्हणून एक्सपोजर जागेवरच नीट घ्या.

आपल्या भागात खरं तर ही भीती फार वेळ बाळगायचं कारणच नाही. ऊन चांगलं वर आलं की जुना हिशोब लागू होतो : भर उन्हात ॲपर्चर (लेन्समधून उजेड आत सोडणारं छिद्र, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) एफ १६ वर असताना शटर स्पीड आयएसओच्या आकड्याएवढा. आयएसओ १०० ला १/१००. एफ १६ वरून एफ ५.६ वर आलो की तीन स्टॉप वाढतात, म्हणजे उजेड तीनदा दुप्पट होतो आणि स्पीड मिळतो १/८००. आयएसओ ४०० केला तर एफ ८ वरसुद्धा १/१६०० मिळतो. खानदेशातल्या उन्हात आयएसओ ४०० एवढं देतो. अडचण असते ती सूर्योदयाच्या आधीची आणि मावळतीनंतरची, आणि सातपुड्यातल्या झाडीतली.

कोणता मोड ठेवायचा?

शटर प्रायोरिटी, म्हणजे कॅनॉनवर टीव्ही आणि निकॉनवर एस, आणि सोबत ऑटो आयएसओ. स्पीड तुम्ही ठरवा, बाकी कॅमेरा बघेल. ॲपर्चरचा आकडा लुकलुकायला लागला तर उजेड अपुरा आहे असं समजा. हिरव्या ऑटोवर ठेवू नका, तिथे स्पीड तुमच्या हातात राहत नाही.

कॅमेरा धरायची योग्य पद्धत कोणती?

बहुतेक जण डाव्या हाताने लेन्स वरून किंवा बाजूने धरतात. तळहात वर करून लेन्सखाली न्या. वजन जिथे तोलतं तिथे लेन्स तळहातावर बसली पाहिजे, बोटं झूमच्या रिंगवर. उजव्या हाताचं काम फक्त पकड आणि बटण. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा. लग्नात हात वर पसरून फोटो काढायची सवय असते, ती इथे सोडा.

व्ह्यूफाइंडर असेल तर तो भुवईवर दाबून धरा, म्हणजे दोन हात आणि कपाळ असे तीन आधार झाले. हात पुढे करून मागच्या पडद्यावर बघत ३०० वर फोटो काढणं म्हणजे हललेला फोटो ठरलेलाच. पाय खांद्याएवढे फाकवा, डावा थोडा पुढे. बसता येत असेल तर उभं राहू नका. उकिडवं किंवा मांडी घालून बसा आणि कोपरं गुडघ्यावर टेका, पण हाडावर हाड टेकवू नका, कोपर गुडघ्याच्या किंचित पुढे जाऊ द्या. हाडावर हाड घसरतं.

श्वास अर्धा सोडा, थांबा, आणि बटण दाबा. दाबा म्हणजे टोचू नका. बोट बटणावर ठेवूनच असू द्या, अर्ध्यावर फोकस होऊ द्या आणि तिथून हळूच वजन वाढवा. फार वेळ श्वास रोखला तर हात उलट थरथरतात. तीन-चार सेकंदांत फोटो झाला नाही तर सोडा, श्वास घ्या, पुन्हा सुरू करा.

आणि एकाऐवजी तीन-चार फोटोंचा बर्स्ट (बटण दाबून ठेवून सलग फोटो) घ्या. पहिल्या फोटोत बोट दाबल्याचा धक्का असतो आणि शेवटच्यात बोट उचलल्याचा. मधले दोन जास्त स्वच्छ निघतात. हे एवढं एक केलं तरी त्याच दिवशी फरक दिसतो.

ट्रायपॉड घ्यायला पैसे नाहीत. दुसरा आधार काय?

झाड, भिंत, बांधावरचा दगड, पुलाचा कठडा. नुसता खांदा टेकवला तरी मदत होते. पण सगळ्यात चांगला आणि स्वस्त आधार म्हणजे धान्याची उशी. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखालून कापा, साधारण ३० सेंटीमीटर लांब. एक तोंड दुहेरी शिवा, दादर ज्वारी भरा, दुसरं तोंड शिवा. माझी उशी आईने मशीनवर शिवून दिली होती, तिची शिवण अजून उसवलेली नाही. गच्च भरू नका, पाऊण भागच भरा. गच्च उशीवर लेन्स डुगडुगते, पाऊण भरलेली उशी लेन्सला खोबण करून देते. सरकी भरून बघितली आहे, ती हलकी पडते. पावसाळ्यानंतर दाणे बदला, किडे लागतात. ही उशी दगडावर, कठड्यावर, गाडीच्या खिडकीच्या काचेवर कुठेही बसते. मोटरसायकल मेन स्टँडवर लावून सीटवर ठेवली तर आपण मागे बसून आरामात नेम धरू शकतो. फक्त इंजिन बंद हवं. चालू इंजिनवर टेकवलेला कॅमेरा हातातल्यापेक्षा वाईट फोटो देतो.

जिथे टेकायला काहीच नाही तिथे दोरी. कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडचं भोक असतं, त्यात बोल्ट बसवा, त्याला नायलॉनची दोरी बांधा, खालचं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताठ करा. खालीवर हलणं यात खूप कमी होतं. पण बोल्ट बघून घ्या. हे भोक पाव इंची असतं, इंचाला २० आट्यांचं. हार्डवेअरच्या दुकानात मागितल्यावर बहुधा ६ मिलिमीटरचा बोल्ट हातात देतात. तो सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो, पण त्याचे आटे वेगळे असतात आणि जोर लावला की कॅमेऱ्याचे आटे खराब होतात. लांबीही बेताची हवी, आत चार-पाच मिलिमीटरच जायला हवा. खात्री नसेल तर ट्रायपॉडच्या जुन्या क्विक रिलीज प्लेटचा स्क्रू वापरा.

गुराख्याची काठीसुद्धा चालते. काठी जमिनीवर रोवा, डाव्या हाताच्या मुठीत काठी आणि त्याच हाताच्या अंगठ्यावर लेन्स. मोनोपॉडचं काम यात बऱ्यापैकी होतं.

ट्रायपॉडवर लावूनही फोटो हलतो. आता काय?

ट्रायपॉड हलका असेल आणि मधली दांडी पूर्ण वर काढली असेल, तर तो काठीवर ठेवलेल्या मडक्यासारखा डोलतो. मधली दांडी खाली ठेवा, आधी वरचे जाड पाय उघडा, बारीक पाय शेवटी. खाली बॅग अडकवा, पण ती जमिनीला टेकेल अशी. लोंबकळणारी बॅग वाऱ्याने झुलते आणि ट्रायपॉडलाच हलवते. तापीच्या काठावर सकाळी वारा असतो, तेव्हा लेन्सचं हूड काढून बघा, वारा त्यातच भरतो.

या किट झूमना ट्रायपॉडची कॉलर (लेन्सच ट्रायपॉडवर बसवायची कडी) नसते, त्यामुळे सगळं वजन बॉडीच्या पुढे लटकतं. वेगवान स्पीडला लेन्सवर हात हलकेच ठेवून तिचा कंप थोपवा. मंद स्पीडला, विशेषतः १/४ ते १/३० च्या आसपास, हात पूर्ण काढा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघायची सोय) लावा म्हणजे आरसा आधीच वर जातो, आणि २ सेकंदांच्या टायमरवर फोटो घ्या.

पाटणादेवीला मंदिरावरचं कोरीवकाम काढायचं असेल तर असंच काढा, आयएसओ १०० वर, सावकाश. दगड कुठे पळून जात नाही. तिथून जवळच चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांनी टेबलावर वस्तू मांडून जी छायाचित्रं केली, ती बघितली की न हलणाऱ्या विषयाला वेळ देणं म्हणजे काय ते कळतं.

स्पीड १/२०००, उशीवर कॅमेरा, फोकस बरोबर. तरी मे महिन्यात फोटो मऊच येतो. का?

या प्रश्नाकडे खानदेशात फार कमी लक्ष दिलं जातं, आणि याच्यामुळे कित्येक चांगल्या लेन्स उगाच विकल्या जातात. हे हलणं कॅमेऱ्याचं नाही, हवेचं आहे. आपल्याकडची काळी जमीन तापली की तिच्यावरची हवा तापून वर येते, थंड-गरम थर एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक थर प्रकाशाला थोडा वळवतो. दूरच्या डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं ना, त्याच झळा. लेन्स त्यांना मोठं करून दाखवते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ५० मीटरवरचा टिटवीचा फोटोसुद्धा मेणासारखा येतो. नांगरलेल्या काळ्या शेतावर तर डिसेंबरातही अकरा वाजल्यानंतर हे दिसतं.

ओळखायची खूण : एकाच बर्स्टमधले फोटो एकाच दिशेला ओढलेले नसतात. कडा नागमोडी होतात, एका फोटोत डोकं बरं आणि शेपटी गेलेली, पुढच्यात उलट. स्टॅबिलायझेशन, ट्रायपॉड, महागडी लेन्स यातलं काहीही यावर चालत नाही. सूर्य वर यायच्या आत काम उरका. जवळ जा. जमिनीला लागून दूरवर नेम धरण्यापेक्षा बांधावरून, थोड्या उंचीवरून काढा. गाडीतून काढत असाल तर एसी बंद करून काचा आधीच उघड्या ठेवा. आतली थंड हवा बाहेरच्या गरम हवेत मिसळते ती नेमकी लेन्ससमोरच.

२०० पर्यंत फोटो बरे येतात, ३०० वरच बिघडतात. लेन्स खराब आहे का?

खराब नाही, या लेन्स ३०० वर, ॲपर्चर पूर्ण उघडं असताना, मुळातच थोड्या मऊ असतात. एफ ८ करून बघा, किंवा २५० वर या आणि नंतर फोटो कापा. पुढे स्वस्त यूव्ही फिल्टर लावला असेल तर तो काढून एकदा फोटो घ्या.

सारंगखेड्याच्या यात्रेत पळणारे घोडे कसे काढू?

दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा हा घोडेबाजार लेन्सच्या सरावासाठी फार चांगली जागा आहे. घोडा गोठवायचा असेल तर १/१०००. पण एकदा तरी उलटं करून बघा. लेन्स १३५ च्या आसपास, स्पीड १/१२५, आणि घोड्याबरोबर कंबरेतून वळत बर्स्ट. पाय रोवलेले, कोपरं अंगाला. फोटो झाल्यावरही वळणं थांबवू नका. गर्दी आणि तंबू आडव्या रेघांत पुसले जातात आणि घोड्याचं डोकं स्वच्छ राहतं. दहात एखादाच जमतो, पण जमतो तो ठेवण्यासारखा असतो. इथे स्टॅबिलायझेशन नसल्याने काहीच अडत नाही.

काठी गावच्या होळीला रात्री ही लेन्स चालेल?

नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या त्या होळीला रात्रभर ढोल आणि नाच असतो, उजेड अगदी तोकडा. एफ ५.६ च्या लेन्सने तिथे हात झगडतच राहतात. ५० मिलिमीटर एफ १.८ न्या आणि जवळ जाऊन, विचारून फोटो काढा.

शेवटी स्टॅबिलायझेशनवाली लेन्स घ्यावी का?

फायदा खरा आहे, नाकारत नाही. आयएस, व्हीआर, व्हीसी, ओएस, ओएसएस ही सगळी एकाच गोष्टीची वेगवेगळ्या कंपन्यांची नावं आहेत. संध्याकाळी फांदीवर शांत बसलेलं घुबड हातातून १/१२५ वर काढायचं असेल, तर तिथे ती मदत करते. पण उडणारा पक्षी, चरणारं हरीण, पळणारा घोडा यांचं हलणं ती थांबवत नाही. तिथे शटर स्पीडच लागतो, आणि तो स्पीड ठेवला की साध्या लेन्सचा फोटोही हलत नाही. एसएलआर कॅमेऱ्यासाठीची पहिली स्टॅबिलाइझ्ड लेन्स कॅनॉनने १९९५ मध्ये आणली, तीही ७५-३०० च होती. त्याआधीचे जंगलातले सगळे फोटो हिच्याशिवाय निघालेले आहेत.

बॉडी बदलणारच असाल तर बॉडीतच स्टॅबिलायझेशन असलेली बघा, जुन्या लेन्सलाही त्याचा उपयोग होतो. कॅनॉन-निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ते नसतं, त्यांच्या काही मिररलेस बॉडींत असतं. एकाच कंपनीच्या एका मॉडेलमध्ये असतं आणि शेजारच्या मॉडेलमध्ये नसतं, म्हणून नीट विचारून घ्या. त्याआधी एक हिवाळा याच लेन्सवर १/१००० ने काढा, एवढी माझी विनंती आहे.

हललेला फोटो सॉफ्टवेअरमध्ये सुधारतो का?

किंचित हललेला थोडा सावरतो. डोळ्यातला ठिपका रेघ झाला असेल तर फोटो सोडून द्या.

घरी सराव कसा करू?

रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि इन्व्हर्टरचा किंवा चार्जरचा बारीक दिवा समोर ठेवा. पाच-सहा मीटर मागे उभे राहा, लेन्स ३०० वर, स्पीड १/६०. दहा फोटो काढा आणि मोठे करून बघा. प्रत्येक फोटोत तुमच्या हाताची सही उमटलेली असेल : छोटी रेघ, हूक, कधी वेटोळं. रेघ उभी असेल तर बटण जोरात दाबलं जातंय. आडवी असेल तर कोपरं सुटलेली आहेत किंवा उभं राहणं डगमगतंय. मग १/१२५, १/२५०, १/५००, १/१००० असे दहा-दहा काढा आणि कोणत्या स्पीडला दहापैकी आठ ठिपके गोल येतात ते लिहून ठेवा. तो तुमचा स्वतःचा स्पीड. पंधरा दिवस रोज पाच मिनिटं हे केलं की तो एक पायरी खाली येतो, वहीत तारखेसह लिहीत जा.